परातीतले रेझर

या, असे जवळ सरकून बसा. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं यावं. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही, मांडीला मांडी लावून ऐकायची आहे. नांदूरघाटच्या बसप्पांच्या घरातली. तिच्यात देव आहे, पण तो कुणाला दर्शन देत नाही. तिच्यात शस्त्र आहे, पण त्यानं कुणाचा जीव जात नाही. एका म्हाताऱ्या माणसाची वाढलेली दाढी आणि ती कशानं काढायची यावरून घरभर पेटलेला वाद, एवढंच आजचं आख्यान. आधी ऐकून घ्या, मग हसायचं ते हसा.

रविवार होता. दुसऱ्या दिवशी, महादेवाच्या वारी, तलवाड्याचे पाहुणे वर्षाराणीच्या साखरपुड्याला यायचे होते. कावेरी सकाळपासून चुलीपुढं बसून कळीचे लाडू वळत होती. हात पाकात होते आणि कान ओसरीवर. लेकीचं कार्य आईनं जेवढं हातानं करावं त्याच्या दुप्पट ती कानानं करत होती, कारण ओसरीवर तिचे सासरे बसप्पा बाजेवर बसले होते, आणि त्यांच्या गालांवर पांढरी दाढी कापसाच्या बोंडासारखी फुटली होती.

ही दाढी धुळाजी गेल्यापासूनची. धुळाजी न्हावी दर रविवारी सकाळी धोकटी काखेत मारून यायचा, ओसरीच्या कडेला उकिडवा बसायचा आणि बसप्पांचं तोंड हातात घ्यायचा. वाटीतलं पाणी गालाला लागलं की त्याचं तोंड सुरू व्हायचं. आठवड्यात जिथं जिथं कीर्तन झालं असेल तिथलं सगळं तो इथं ओतायचा. बुवा कुठं चुकले, टाळकरी कुठं पेंगले, कोणत्या दृष्टांताला बाया रडल्या. बसप्पा शिवभक्त, धुळाजी माळकरी. विठ्ठल मोठा की महादेव यावर वस्तरा गळ्यावर असतानाही दोघांचं भांडण चालायचं. बसप्पांच्या बायको मल्लम्मा आतून ओरडायच्या, "आवो, मान हलवू नका, नस कापंल!" आणि धुळाजी म्हणायचा, "वैनी, तुमच्या महादेवानं इख पचवलं, ह्यांना एक वस्तरा पचंना का?"

तो धुळाजी पावसाळ्याच्या आधी तापानं गेला. त्याचा मुलगा रामहरी केजला स्टँडजवळ सलून चालवायचा. फिरती खुर्ची, भिंतभर आरसा, नट्यांची कॅलेंडरं. बसप्पांचा थोरला, कावेरीचा नवरा केदारनाथ आता तिकडंच जाऊन यायचा. बसप्पा मात्र गेले नाहीत. आज सकाळी रामहरी आपण होऊन आला होता. बसप्पांनी त्याला चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "रामहरी, तू बापावर गेलास रे. तेच अवघड हाय. तुजा हात लागला की मला वाटंल धुळाजी आला, आन् डोळे उघडले की न्हाई." रामहरी रागावला नाही. मान खाली घालून, बसप्पांच्या पायांना हात लावून निघून गेला.

तो गेला आणि केदारनाथनं विषय काढलाच.

"आप्पा, मग उद्याचं कसं?"

"कसं म्हंजी? पाव्हणे येतील, तू बस, रुद्रेश बसंल. मी मागच्या खोलीत हायच की."

"मागच्या खोलीत? नातीचा साखरपुडा आन् आजा मागच्या खोलीत?"

"असली दाढी घेऊन मंगल कार्यात बसू का? लोक म्हणतील सुतकी माणूस पुढं बसवला."

"आप्पा, आपल्यात सुतक पाळत न्हाईत," केदारनाथ म्हणाला. "तुमीच शिकवलं आमाला. लिंग गळ्यात आसंल त्याला सुतक न्हाई."

बसप्पांनी गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. "सुतक नसतं रे. दुःख आसतं."

तेवढ्यात वर्षाराणी आतून आली. तिच्या हातांवर मेंदी ओली होती, म्हणून तिनं दार कोपरानं ढकललं.

"आज्जा, तुमी पुढं बसणार नसाल तर मी बी पाटावर बसणार न्हाई. तलवाड्याच्या लोकांना चहा पाजा आन् परत पाठवा."

"येडी का खुळी तू?"

"तुमच्यावरच गेले."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. बसप्पांनी आपल्या धोतराच्या सोग्यानं तिचे डोळे पुसले. मग अंगणातल्या बेलाच्या झाडाकडं पाहिलं.

"दुसऱ्याचा हात नको," ते शेवटी म्हणाले. "पर माझा हात दुसऱ्याचा न्हाई. केदार, दुकानातलं दाढीचं मशीन आण एक. मी माझी करतो."

आता यात नवल काय, ते सांगायला हवं. या घराच्या पुढच्या अंगाला दुकान. बसप्पांच्या वडिलांपासून तिथं मीठ-मिरचीपासून दाढीच्या साबणापर्यंत सगळं विकलं जायचं. सगळ्या पंचक्रोशीच्या गालांना इथलीच ब्लेडं लागली. पण विकणाऱ्यांपैकी कुणीही आजवर स्वतःच्या गालाला ब्लेड लावलं नव्हतं. धुळाजी होता ना! आणि धुळाजी असताना आपल्या हातानं दाढी करणं म्हणजे त्याला दारातून उठवण्यासारखं. खळ्यावर त्याला धान्य द्यायचं आणि रविवारी त्याच्यापुढं तोंड करायचं, हे एवढं ठरलेलं की दुकानाच्या काचेमागचे रेझर घरातल्यांना परक्या गावच्या देवासारखे. नाव ठाऊक, हात कधी जोडले नाहीत.

आणखी एक अडचण होती. सोमवारी या घरात दाढी करत नाहीत, आणि दिवेलागणीनंतर तर कुणीच करत नाही. म्हणजे जे व्हायचं ते आज, ऊन असेतो.

केदारनाथ दुकानात गेला आणि पितळी परातीत रेझर मांडूनच घेऊन आला, लग्नात रुखवत आणावा तसा. पांढऱ्या प्लॅस्टिकचे, वापरून फेकून द्यायचे. लाल दांड्याचा हलका एक. दातेरी डोक्याचा पितळी. सरळ कडेचा, जाड दांड्याचा, चकचकीत. आणि एक असा की ज्याची शेपटी पिळली की डोक्याची दोन्ही झाकणं फुलपाखरासारखी उघडायची.

"हा घ्या आप्पा, दातेरी. बीडचा एजंट म्हणतो, ह्याचे दात केसात शिरतात आन् मुळापासून काढतात."

"दादा, काय सांगतोस!" धाकटा रुद्रेश पलंगावरून उठला. तो औरंगाबादला वाळूजच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि साखरपुड्यासाठी रजा टाकून आला होता. रोज स्वतःची दाढी स्वतः करणारा या घराण्यातला तो पहिला पुरुष. "हे सगळं भंगार झालं आता. जग कुठं गेलं बघ. हे घे." त्यानं बॅगेतून आपला रेझर काढला. मान हलणारा, एकाखाली एक दोन पाती बसवलेला. "टीव्हीवर बघितला न्हाईस? पहिलं पातं केस ओढतं, दुसरं कापतं. कापायची भीती न्हाई. लहान पोरगं करंल."

"त्याची पाती आपल्या दुकानात मिळत न्हाईत," केदारनाथ म्हणाला.

"मग ठेव की! जगात सगळं मिळाया लागलंय, तूच कावून अजून पेटीतली साबणं विकतोस?"

"तू वर्षातून दोनदा येऊन मला दुकान शिकवू नको बे."

"भांडा, भांडा," बसप्पा म्हणाले. "तोवर दाढी आपोआप गळून पडंल."

कावेरी लाडू वळता वळता दाराशी आली होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती सासऱ्यांशी थेट बोललेली नव्हती. त्यांनी कधी रागावून तसं सांगितलं नव्हतं, रीतच तशी. जेवायला वाढताना "मामंजींना भाकरी हवी का विचार" असं ती मुलांना म्हणायची, आणि पाटावर बसलेले मामंजी ते ऐकून मुलांनाच सांगायचे, "हवी म्हण." एका घरात एवढी वर्षं असं चाललं होतं, आणि त्यात कुणाला अवघड वाटत नव्हतं, उलट लेकरं लहान असताना त्यांचा खेळ होऊन जायचा.

तिनं परातीकडं पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की केदारनाथनं दातेरी रेझर जोडताना मधली पट्टी उलटी बसवली आहे. काचेमागंही ते सगळे तसेच उलटे मांडलेले असायचे. गिऱ्हाईक घरी नेऊन आपलं आपण सुलटं करत असणार. नवऱ्याला चारचौघांत काही बोलावं असं तिला वाटेना. ती बोलेपर्यंत वेळही राहिला नाही. केदारनाथनं धाकट्या भावाला दाखवायच्या ईर्ष्येनं ते मशीन कोरड्याच गालावर लावलं आणि खाली ओढलं.

"आई गं!"

"बघ, शिरले दात," रुद्रेश म्हणाला.

केदारनाथनं देव्हाऱ्यापाशी जाऊन जखमेवर विभूती दाबली. परत आला तेव्हा उजव्या गालावर विभूतीचा आडवा पट्टा. दुकानात मीठ मागायला आलेल्या सुंदरबाईंनी ते पाहिलं आणि हात जोडले. "सेठ, आज गालाला बी विभूती? लेकीच्या कार्याचं नवसाचं हाय का काही?"

बसप्पांना हसू आलं, पण दाढीत लपलं.

मग रुद्रेशची पाळी. त्यानं बापाच्या गालाला फेस लावला, ट्यूबमधला, हिरवा, वासाचा. आपला मान हलणारा रेझर धरला आणि हळूच ओढला. दोन बोटं गेला आणि दोन पात्यांमध्ये दाढी अशी अडकली, जशी बाभळीत घोंगडी.

"मेलो बे! ओढू नको! अरं सोड, सोड!"

"आप्पा, केस लांब झालेत म्हणून..."

"मग तुजं लहान पोरगं कुठं गेलं? आण त्याला!"

रुद्रेश पात्यातले केस पाण्यात झटकू लागला. ते निघेनात. बसप्पांनी अर्धा फेस लागलेलं तोंड टॉवेलानं पुसलं आणि टॉवेल बाजेवर टाकला. त्यांचा आवाज बारीक झाला होता, आणि तेच वाईट होतं. "राहू द्या. तुमी दोघं चांगली पोरं हाव, पर हे आपलं काम न्हाई. मी मागच्या खोलीत बसतो. वर्षे, तू ऐक माझं."

वर्षाराणी आत गेली आणि आईच्या खांद्यावर कपाळ टेकून उभी राहिली. ऊन ओसरीच्या दुसऱ्या खांबापाशी आलं होतं.

"आधी कात्रीनं कापायची असती," कावेरी पुटपुटली. "वाढलेल्या दाढीवर कुठलंच मशीन चालत न्हाई. आन् कढत पाण्याचा टॉवेल..."

चुलीच्या पलीकडं बसलेल्या मल्लम्मांनी मान वर केली. सासू-सुनांचं त्या दिवशी सकाळीच पाकावरून वाजलं होतं; एकतारी की दोनतारी यावर दोघी जेवणापर्यंत बोलल्या नव्हत्या.

"तुला कसं ठाव?"

कावेरीनं पुढचा लाडू वळायला घेतला.

"कावेरी, मी तुला इचारते. तुला कसं ठाव?"

"अण्णांची करायचे मी, आत्याबाई. धर्मापुरीला."

"दाढी? तू?"

"त्यांचं उजवं अंग गेलं तवा मी माहेरी गेलते ना चार महिने. भाऊ मिलिटरीत. न्हावी बाजाराच्या दिवशीच यायचा, तोवर अण्णांना खाज सुटायची, चिडायचे, लेकरासारखे रडायचे. मग मी मशीन आणलं." तिचा आवाज खाली गेला. "इथं कुणाला सांगितलं न्हाई. बाईच्या हातात पातं बघून लोक काय बी म्हणतात."

एवढ्या वर्षांत सुनेच्या पोटातली ही गोष्ट मल्लम्मांना कळली नव्हती. आणि सुनेच्या पोटातलं सगळं आपल्याला कळतं असा त्यांना अभिमान होता. त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकत, आणि थेट ओसरीवर गेल्या.

"केदार, ती परात हिकडं दे."

"अव्वा, तू काय करतीस?"

"परात दे म्हणते ना! आन् मोरीवर पाणी ठेव तापत. रुद्रेश, तुजी ती ट्यूब ठेव बॅगेत. नुस्ता वास हाय त्याला."

परात स्वयंपाकघरात आली. कावेरीनं हात धुतले, पदराला पुसले आणि एकेक रेझर उचलून पाहिला. पांढरे प्लॅस्टिकचे तिनं बाजूलाच सारले. लाल दांड्याचा तळहातावर तोलला.

"हा का नको, आई?" वर्षाराणीनं विचारलं. "सोपा दिसतो."

"हलका हाय गं. हलका आसला की माणूस दाबतो, आन् दाबलं की कापतं. जड मशीन आपल्या वजनानं उतरतं, आपण नुस्तं धरायचं." दातेरी तिनं हातात घेतला आणि क्षणभर थांबली. "हा मी आधी आणलता अण्णांना. म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल, दातात अडकती. लई सोललं मी त्यांना." शेपटी पिळायचा रेझर तिनं उघडून मिटवला, परत उघडला. "ह्यो चांगला हाय. पर दांडा गुळगुळीत. साबणाच्या हातातून सटकंल."

राहिला सरळ कडेचा, जाड दांड्याचा. त्याच्या दांड्यावर किसणीसारखी बारीक नक्षी होती. तिनं तो उघडला, मधली पट्टी सुलटी केली, पातं बसवलं, पिळून घट्ट केलं. दोन्ही बाजूंनी पातं सारखं डोकावतं की नाही ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"ह्यो," ती म्हणाली.

"मग चल," मल्लम्मा म्हणाल्या.

"मी? आत्याबाई, मी कशी... मामंजींच्या पुढं?"

"पदर घे की. वर्षी हाय ना मधी बोलायला."

अशी ही मिरवणूक ओसरीवर निघाली. पुढं तपेलं घेतलेल्या मल्लम्मा, मागं मेंदीचे हात वर धरलेली वर्षाराणी, आणि तिच्या मागं डोक्यावर पदर, हातात रेझर, अशी कावेरी. केदारनाथनं बायकोच्या हातातलं मशीन पाहिलं आणि नकळत आपल्या गालावरच्या विभूतीला हात लावला.

"हे काय?" बसप्पा म्हणाले.

"आज्जा, आईला येतं."

"काय येतं?"

"दाढी. ती मला सांगंल, मी तुमाला सांगंल, तुमी करा. तुमचाच हात."

बसप्पांनी सुनेकडं पाहिलं नाही, तीही रीतच. ते नातीला म्हणाले, "तुज्या आईला इचार, पोटचं पोरगं माझा गाल ओरबाडतं, तर ही कशी शिकवती?"

कावेरी खांबाआडून म्हणाली, "वर्षे, सांग, आधी कात्री लावा."

"आज्जा, आधी कात्री."

"ऐकलं मी."

मल्लम्मांनीच कात्री चालवली. नवऱ्याच्या दाढीचे पांढरे पुंजके मांडीवर पडू लागले, तेव्हा त्यांनी एकदा नाक ओढलं. मग कढत पाण्यातला पिळलेला टॉवेल गालांवर बसला आणि बसप्पांनी डोळे मिटले. टॉवेलाखालून "आहाहा, शिवशिव" असा आवाज आला. मग साधा पांढरा साबण, ब्रशनं गोल गोल फिरवून दाट केलेला.

"सांग, मशीनचा दांडा गालापासून दूर धरायचा. लई उभा नको, लई आडवा नको."

"आज्जा, दांडा दूर."

"सांग, दाबू नका. ते आपलं आपण खाली येतं. डाव्या हातानं कातडी ताणा."

"आज्जा, दाबू..."

"अगं कळतंय! तुज्या आईला म्हणावं, मी म्हातारा झालो, बहिरा न्हाई."

बसप्पांनी रेझर कानाजवळ टेकवला. तो आपल्या वजनानं खाली आला. फेसातून एक स्वच्छ रेघ निघाली, गव्हाच्या शेतातल्या पायवाटेसारखी. रक्त नाही. त्यांनी बोटानं ती रेघ चाचपली आणि आश्चर्यानं परत चाचपली.

"आयला," ते म्हणाले.

रुद्रेश आपला रेझर मागं लपवून पुढं सरकला. केदारनाथही. दुकानात मीठ घेतलेल्या सुंदरबाई अजून गेल्या नव्हत्या. दुसरी रेघ, तिसरी. उजवा गाल निघाला, डावा निघाला. म्हाताऱ्याला चव लागली. हनुवटीवर आले तेव्हा त्यांचा धीर वाढला आणि त्यांनी रेझर एका कडेकडून दुसऱ्या कडेला, सुरीसारखा, आडवा ओढायला घेतला.

"मामंजी, थांबा! आडवा न्हाई!"

वर्षाराणी मध्ये होती, पण हे तिच्यासाठी नव्हतं.

रेझर हवेतच राहिला. कावेरी खांबाच्या पुढं आलेली होती, तिचा पदर खांद्यावर उतरला होता, आणि तिला ते कळलंही नव्हतं. कळलं तेव्हा हात डोक्याकडं गेला.

बसप्पांनी पहिल्यांदा तिच्याकडं सरळ पाहिलं. फेसानं अर्धं भरलेलं तोंड, वर पांढऱ्या भुवया.

"आडवा ओढला तर काय व्हतं?" त्यांनी तिलाच विचारलं.

कावेरीनं लेकीकडं नाही, नवऱ्याकडं नाही, त्यांच्याकडंच पाहून उत्तर दिलं. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. "चिरतं, मामंजी. लांब चिरतं."

"तुला कसं ठाव?"

"अण्णांचं चिरलं व्हतं मी. धर्मापुरीला. तुमचे व्याही."

"सिद्रामप्पांचं?"

"हां. लई येळा रक्त काढलं मी त्यांचं. पहिल्या दिवशी तर गालभर."

"मग? काय म्हणाले?"

कावेरीला हसू आलं. "त्यांना बोलता येत नव्हतं नीट. जीभ जड झालती. म्हणाले, उद्या कमी निघंल. दुसऱ्या दिशी परत तोंड पुढं करून बसले."

बसप्पांनी मान वर करून गळ्याकडची बाजू चाचपली, जिथं लोंबती कातडी, जिथं आपल्याला आपलं दिसत नाही, आणि जिथं वर्षानुवर्षं धुळाजीचा वस्तरा "आता बोलू नका" असं म्हणत थांबायचा. मग त्यांनी रेझरचा दांडा सुनेकडं धरला.

"हे मला न्हाई जमायचं. घे."

"मामंजी..."

"आगं, मी दुसऱ्याचा हात नको म्हणलो. तू दुसरी कवा झालीस?"

मल्लम्मांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं ढकललं. कावेरी बाजेपाशी गुडघ्यांवर बसली. डाव्या हाताची दोन बोटं तिनं सासऱ्यांच्या हनुवटीला लावली. आजवर त्या पायांना तिनं रोज हात लावला होता, चेहऱ्याला आज लावला. तिनं कातडी ताणली आणि रेझर ठेवला.

पहिली रेघ झाली. बसप्पा मान वर करून आढ्याकडं बघत होते.

"एक सांगू?" ते ओठ न हलवता म्हणाले. "लई शांत शांत वाटतंय. धुळाजी बोलत ऱ्हायचा. दाढी म्हंजी मला त्याचं ते बोलणंच. तू बी बोल की कायतरी."

"काय बोलू, मामंजी? मला कीर्तनातलं न्हाई येत."

"कीर्तन नको. तुज्या बापाचं सांग."

मग कावेरी सांगू लागली. सिद्रामप्पा धर्मापुरीच्या देवळामागं कसे गूळ विकायचे. जुन्या देवळातल्या दगडी बायांना त्यांनी कशी एकेक नावं ठेवली होती. लेकीला सासरी धाडताना कसे स्टँडपर्यंत आले आणि गाडी सुटल्यावर चपला विसरून अनवाणीच घरी गेले. शेवटच्या दिवसांत ते बोलू शकत नव्हते, फक्त दाढी झाली की डाव्या हातानं गाल कुरवाळून तिच्याकडं बघायचे. ती सांगत होती, रेझर खाली येत होता, आणि बसप्पांच्या डोळ्यांतून पाणी कानामागं चाललं होतं. ते सिद्रामप्पांसाठी की धुळाजीसाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन्ही वाटा एकाच कानामागून जात होत्या.

"आज्जा, रडताय का?" वर्षाराणीनं विचारलं.

"साबण गेला गं डोळ्यात."

ऊन ओसरीवरून उतरलं तेव्हा दाढी झाली होती. दिवा लावायला अजून थोडा अवकाश होता. तुरटी फिरवली, पाणी मारलं, आणि मल्लम्मांनी पदरानं नवऱ्याचं तोंड पुसलं. "लगीन झालं तवा असेच दिसत व्हते," त्या सुनेला म्हणाल्या, आणि साऱ्या ओसरीदेखत लाजल्या.

दुसऱ्या दिवशी तलवाड्याचे लोक आले तेव्हा बसप्पा सगळ्यांच्या पुढं बसले होते, नातीच्या उजव्या हाताला. विडा त्यांनीच उचलून दिला. जेवताना त्यांनी हाक मारली, "कावेरी, अजून एक लाडू वाढ," आणि कावेरीनं थेट विचारलं, "मामंजी, दोन वाढू?" व्याह्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. घरातल्यांच्या हातातले घास मात्र थांबले.

तर बापहो, मायबाई हो, गोष्ट सरली. बसप्पांच्या चेहऱ्याचं पुढं लोकांनी कौतुक केलं, कावेरीच्या हाताचं केलं. माझं मागणं वेगळं आहे. सकाळी तुम्ही आरशापुढं उभे राहाल, गालाला फेस लावाल, दांडा हातात घ्याल, तेव्हा घटकाभर धर्मापुरीच्या सिद्रामप्पांना आठवा. अर्धं अंग गेलेला तो माणूस, लेकीनं काल गाल चिरला होता तरी आज परत तोंड पुढं करून बसला. आपल्या गालावर त्यानं तिला शिकू दिलं. तेवढी त्याची आठवण ठेवा.